विषय क्रमांक सात

निवडणूक अशी झालीच नाही.
पाच जागा, अर्ज पाच,
पाचवा माझा,
टँकरमध्ये दूध भरून होईस्तोवर
गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलेला.
अशी मी कोव्हाय खोऱ्याच्या शाळेची
विश्वस्त झाले. बिनविरोध,
म्हणजे दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी साडेसात.
मोठ्यांच्या मापाच्या खुर्च्या दोनच, त्या
नोएलीनला आणि मुख्याध्यापिकेला.
बाकीचे आम्ही पहिलीच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी.
राविरी बसतच नाही. मेंढ्या कातरून कातरून
पाठ गेलीय त्याची.
तो फळ्याला टेकून उभा राहतो
आणि घरी जाताना त्याच्या स्वेटरवर
सातचा पाढा असतो, उलटा.

तलावाच्या पंपाचं बोलून होतं. छपरातल्या पॉसमचं होतं.
वेलिंग्टनहून आलेलं पत्र वाचून होतं, दोनदा,
कारण पहिल्यांदा कुणालाच कळत नाही.
केक विकून जमलेले दोनशे बारा डॉलर
कॉर्मॅक मोजून डब्यात ठेवतो.
तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो; शाळेचा हिशेबही
कान लावून ऐकतो,
कुठे काय खडखडतंय.

मग सातवा विषय. बस.

डांबर संपतं तिथून पुढे बारा किलोमीटर खडी,
आणि खडी संपते तिथे एक मूल.
इमोजेन. दुसरीत आहे. पुढचे दोन दात नाहीत.
"एका मुलीसाठी," कॉर्मॅक म्हणतो,
"रोज अठ्ठेचाळीस किलोमीटर."
तो वाईट माणूस नाही. आकडा बरोबर आहे.
तेवढ्या पैशात वाचताना अडखळणाऱ्या चौघांना
अर्धवेळ बाई मिळतील,
आणि त्या चौघांतला एक माझा आहे.

फ्रिज घूंघूं करत राहतो.
मतदान घ्यायचं का, असं कुणी विचारत नाही.
नोएलीन, जिचं शेवटचं लेकरू
ही शाळा सोडून गेल्याला पस्तीस वर्षं झाली,
चष्मा वर सारून लिहिते:
विषय पुढील बैठकीत.
हा नववा महिना.
इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त;
घोंगडं भिजत कसं ठेवायचं
ते आम्हाला शिकवावं लागत नाही.
आणि घोंगडं भिजतंय तोवर बस चालू.

विम्याचा कागद शोधताना गेल्या महिन्यात
मला कपाटात जुनं इतिवृत्त सापडलं,
शाई तपकिरी, अक्षर कुणा मेलेल्या माणसाचं:
खडीपलीकडच्या मुलीचा घोडा
शाळेच्या कुरणात दिवसभर चरतो,
त्या गवताचे पैसे कुणी द्यायचे.
विषय पुढील बैठकीत.
पान उलटलं. पुढील बैठकीत.
पुन्हा उलटलं. चार वर्षं
तो घोडा चरत होता.
मुलीचं नाव कुठेच नाही.
मी मोठ्याने वाचून दाखवलं तर सगळे हसले.
नोएलीन कप विसळत होती.
"सार्जंट," वळून न बघता ती म्हणाली,
"सार्जंट नाव होतं त्याचं. खायचा मात्र फार."

रात्री मी पोराला जवळ घेऊन वाचायला बसवते.
एका ओळीत तो तीनदा अडखळतो,
माझ्याकडे बघतो.
मी बोट पुढच्या शब्दावर ठेवते,
दुसरं काय करणार.

सकाळी साडेसातला खडीवर
टँकर कडेला घेते,
बस जाऊ देते.
सगळ्या खिडक्या रिकाम्या, एकीत एक डोकं.
ती टोस्ट खातेय, कडा बाजूला काढून.
कडा तिला अजून चाववत नाहीत.
धूळ बसायला वेळ लागतो.
बसली की निघते मी.